चढाला दम सोडणारी एटीव्ही: १५० सीसी इंजिनाचा कॅम आणि कार्बोरेटर बदलताना

साताऱ्यात दुरुस्तीला येणाऱ्या एटीव्ही, म्हणजे रानवाटेने चालणाऱ्या जाड टायरच्या चारचाकी गाड्या, बहुतेक वरच्याच असतात. पाचगणी, महाबळेश्वर, तापोळा या भागातल्या रिसॉर्टवरून त्या छोट्या हत्तीत बांधून खाली येतात. रजिस्ट्रेशन नसलेली गाडी रस्त्यावरून चालवत आणायची सोय नाही, त्यामुळे येण्या-जाण्याचं भाडंही कामाच्या हिशोबात धरावं लागतं. तक्रार ठरलेली असते: सपाटीला बरी पळते, पण दोन माणसं बसली आणि चढ लागला की दम सोडते. मालकाने मोबाइलवर कुठेतरी बघितलेलं असतं की कॅम आणि कार्बोरेटर बदलला की गाडी उडते.

हाताखालचं इंजिन जीवायसिक्स (GY6) या स्कूटर-इंजिनांच्या घराण्यातलं, अंगावर १५७क्यूएमजे असा शिक्का. बोअर ५७.४ मिमी, स्ट्रोक ५७.८ मिमी, म्हणजे १४९.६ सीसी. हेडमध्ये एक कॅम, दोन व्हॉल्व्ह, पंख्याच्या हवेवर थंड होणारं. मागे बेल्ट आणि व्हेरिएटर (आतल्या रोलरच्या जोरावर आपोआप गिअर बदलणारी पुली), त्यानंतर फॉरवर्ड-न्यूट्रल-रिव्हर्सचा डबा आणि चेन. कार्बोरेटर २४ मिमीचा, व्हॅक्यूमवर स्लाइड उचलणारा, वर इलेक्ट्रिक ऑटो चोक. ज्याने अ‍ॅक्टिव्हाचं इंजिन खोललंय त्याला यात परकं वाटावं असं फार काही नाही.

आधी ठरवायचं ते हे की ताकद कोणत्या आरपीएमला हवी. कॅम इंजिनात नवीन ताकद ओतत नाही. व्हॉल्व्ह किती उघडायचा (लिफ्ट) आणि किती वेळ उघडा ठेवायचा (ड्युरेशन) एवढंच तो ठरवतो. लिफ्ट वाढली की हवा मोकळी येते, आणि त्याचा फायदा सगळीकडेच थोडाथोडा मिळतो. ड्युरेशन वाढलं की इनटेक व्हॉल्व्ह उशिरा बंद होतो. वरच्या आरपीएमला हवेला वेग असतो, त्यामुळे पिस्टन वर निघाला तरी ती आत घुसतच राहते आणि सिलेंडर जास्त भरतो. खालच्या आरपीएमला तोच उघडा व्हॉल्व्ह आत आलेली हवा परत मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे कार्बोरेटर आणि हेडमधल्या नळीत, ढकलू देतो. रेसिंगचा म्हणून विकला जाणारा कॅम घाटाच्या गाडीत घातला की ती पहिल्यापेक्षा मठ्ठ होते, ती यामुळे. दोन माणसं घेऊन दगडधोंड्यांच्या वाटेने चढणारी एटीव्ही बहुतेक वेळ साडेचार ते साडेसहा हजारांच्या आसपास फिरते. तिला लिफ्ट जरा जास्त आणि ड्युरेशन मूळच्या जवळपास असलेला, मवाळ कॅम लागतो. विकणारा फक्त 'हाय परफॉर्मन्स' म्हणत असेल आणि लिफ्ट-ड्युरेशनचे आकडे देत नसेल, तर तो कॅम घेऊ नये.

इंजिनाला पाना लावण्याआधी दोन स्वस्त गोष्टी बघून घ्याव्यात. पहिली, अंगठ्याच्या थ्रॉटलमागचा लिमिटर स्क्रू. पर्यटकांनी गाडी फार पळवू नये म्हणून तो आत पिळून ठेवलेला असतो. हँडलवर थ्रॉटल पूर्ण दाबून कार्बोरेटरचं फुलपाखरू पूर्ण आडवं होतंय का ते डोळ्यांनी बघायचं. पाऊणच उघडत असेल तर तक्रारीचं अर्धं उत्तर तिथेच मिळालं. दुसरी, मागचं चेन-स्प्रॉकेट. ३७ दातांच्या जागी ४० दातांचं बसवलं तर चाकावरची ओढ आठ टक्क्यांनी वाढते आणि टॉप स्पीड जवळपास तेवढाच घटतो. घाटातल्या गाडीला टॉप स्पीडचं करायचंय काय? पुष्कळ गाड्यांचं काम एवढ्यावर भागतं आणि कॅमच्या मानाने खर्च किरकोळ असतो. पाहुण्यांना भाड्याने द्यायच्या गाडीचं इंजिन वाढवूच नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. ब्रेक आणि सस्पेन्शन तेच राहतात आणि चालवणारा आयुष्यात पहिल्यांदा बसलेला असतो. पुढे चालणारी गाइडची गाडी किंवा मळ्यात सामान ओढणारी गाडी असेल तरच पुढचं वाचा.

त्यानंतर कॉम्प्रेशन. इंजिन गरम करून प्लग काढायचा, गेज लावायचा, थ्रॉटल पूर्ण उघडा धरायचा आणि काटा वर जायचा थांबेपर्यंत सेल्फ मारायचा. १२० पीएसआयच्या खाली आलं तर कॅमचा विषय तिथेच बंद. प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोडून परत मोजायचं. आकडा वर गेला तर रिंगा संपल्यात, जागचा हलला नाही तर व्हॉल्व्ह बसत नाहीत. झिजलेल्या इंजिनात नवा कॅम घालणं म्हणजे फाटक्या पोत्यात धान्य भरणं. जुन्या कॅमवरचा हा आकडा लिहून ठेवा. नव्या कॅमचं ड्युरेशन जास्त असेल तर इनटेक उशिरा बंद होतो आणि सेल्फवरचं कॉम्प्रेशन थोडं उतरतं. जुना आकडा समोर नसेल तर काम बिघडलं असं वाटून हेड उगाच पुन्हा उघडलं जातं.

सामान आधी गोळा करून मगच इंजिन खोलावं. कॅम त्याच्या दोन्ही बेअरिंगांसकट, इनटेक आणि एक्झॉस्टचे दोन रॉकर (कॅमचा धक्का व्हॉल्व्हपर्यंत पोचवणारे हात), आतल्या-बाहेरच्या व्हॉल्व्ह स्प्रिंगांचा एक संच, दोन व्हॉल्व्ह सील, हेडचं आणि बेसचं पॅकिंग, टॅपेट कव्हरचं रबर, कॅमची चेन ताणून धरणाऱ्या टेन्शनरचं पॅकिंग. कार्बोरेटरसोबत ११० ते १२० नंबरचे मेन जेट आणि ३५ ते ४० चे स्लो जेट (पेट्रोल मोजून सोडणाऱ्या भोकाच्या पितळी नळ्या), मॅनिफोल्डचे ओ-रिंग, व्हॅक्यूमची नळी, पेट्रोलचा फिल्टर. १८ बाय १४ मापाच्या व्हेरिएटर रोलरचे दोन संच. सी७एचएसए प्लग दोन-तीन, कारण जेट बघताना एखादा काळा होतोच. इंजिन ऑइल सुमारे ८०० मिली लागतं, पण लिटरचे दोन डबे आणा. पहिलं ऑइल लवकर काढायचंय. नवा कॅम हातात आला की जुन्याशेजारी ठेवून लांबी, बेअरिंगचा व्यास आणि स्प्रॉकेटचे दात जुळवायचे. या घराण्याची हेडं सगळी एकसारखी नसतात आणि खोक्यावर '१५० सीसी' छापलं म्हणून कॅम बसेलच असं नाही.

खोलणं सोपं आहे. पंख्याचं कव्हर, आवरणाचे पत्रे, कार्बोरेटर, सायलेन्सर, टॅपेट कव्हर. फ्लायव्हीलच्या नटावर गोटी पाना लावून, इंजिन ज्या दिशेने फिरतं त्याच दिशेने फिरवत 'टी'ची खूण केसिंगच्या खुणेसमोर आणायची. ही खूण दर फेरीला समोर येते, म्हणून कॅम बघावा लागतो. स्प्रॉकेटचं मोठं भोक वर, दोन छोटी भोकं हेडच्या कडेला समांतर आणि दोन्ही रॉकर हाताला ढिले, असं झालं तर तो कॉम्प्रेशनचा टीडीसी, म्हणजे पिस्टन सगळ्यात वर आणि दोन्ही व्हॉल्व्ह बंद. मोठं भोक खाली दिसत असेल तर आणखी एक पूर्ण फेरी.

टेन्शनरचा मधला बोल्ट काढून आत छोटा चपटा स्क्रू-ड्रायव्हर घालून उजवीकडे पिळला की त्याची दांडी आत जाते. मग बाजूचे दोन बोल्ट काढायचे. हे न करता थेट नट ढिले केले की ताणलेली चेन कॅमला तिरका ओढते. त्यानंतर आधी हेडच्या बाजूचे दोन छोटे बोल्ट आणि शेवटी कॅम होल्डरवरचे चार नट, आडवे-तिडवे, अर्धा-अर्धा फेरा. या इंजिनात कॅम होल्डर धरणारे हे चार नटच हेडही धरतात. ते ढिले झाले की हेड पॅकिंगवरचा दाब गेलाच. कॅम नुसता वरून काढून नवा टाकला आणि पॅकिंग तेच ठेवलं तरी गाडी चालू होते. पण काही दिवसांनी हेडच्या सांध्यातून ऑइल झिरपायला लागतं. हेड उतरवून नवं पॅकिंग घालावं, म्हणजे पुढची मापंही घेता येतात. चेन मोकळी झाल्याबरोबर तिला तार बांधून फ्रेमला अडकवा आणि चेनच्या विहिरीत स्वच्छ फडकं कोंबा. त्या विहिरीत पडलेला वॉशर काढायला अख्खं इंजिन उतरवावं लागतं.

आता मापं, आणि सगळ्यात जास्त वेळ खर्च करायची जागा हीच. लोबची, म्हणजे कॅमवरच्या उंचवट्याची, सगळ्यात जास्त उंची आणि त्याच्या काटकोनातला बेस व्हर्नियरने मोजायचा. वजाबाकी म्हणजे लोबची लिफ्ट. समजा उंची २६ आणि बेस २०.५ आला, तर लिफ्ट साडेपाच मिमी. व्हॉल्व्हवर प्रत्यक्षात किती मिळते ते रॉकरच्या हातावर अवलंबून असतं, म्हणून हेड जोडल्यावर व्हॉल्व्हच्या टोपीवर डायल गेज टेकवून, टॅपेट (रॉकर आणि व्हॉल्व्हमधली फट) शून्यावर ठेवून पुन्हा मोजायचं. पुढे स्प्रिंग. व्हाइसमध्ये ती पूर्ण मिटेपर्यंत दाबून उंची घ्यायची, मग हेडमध्ये बसलेली असतानाची उंची. बसलेली ३० मिमी आणि लिफ्ट ७ धरली तर पूर्ण उघडल्यावर २३ उरतात. स्प्रिंग साडेएकवीसला मिटत असेल तर दीड मिमी शिल्लक आहे. किमान एक मिमी हवीच. आतली आणि बाहेरची स्प्रिंग वेगवेगळी मोजा, आतली बहुधा आधी मिटते. व्हॉल्व्ह पूर्ण उघडल्यावर त्याची टोपी सीलवर टेकत नाही ना, तेही बघायचं. टेकली तर सील चिरडतो आणि गाडी सकाळी चालू करताना निळा धूर सोडते.

पिस्टन आणि व्हॉल्व्हमधलं अंतर मातीने मोजायचं. मुलांच्या खेळायच्या मातीची चार-पाच मिमी जाडीची चकती पिस्टनवर, व्हॉल्व्ह येतात त्या जागी थापायची, वर ऑइलचं बोट फिरवायचं म्हणजे ती व्हॉल्व्हला चिकटत नाही. हेड, कॅम, चेन, टेन्शनर सगळं जागेवर लावून, टॅपेट मापात ठेवून हाताने दोन पूर्ण फेऱ्या द्यायच्या. परत उघडून मातीत उमटलेल्या खळग्याच्या सगळ्यात पातळ जागेवर ब्लेडने काप घ्यायचा आणि जाडी मोजायची. इनटेकला दीड आणि एक्झॉस्टला दोन मिमीपेक्षा कमी उरत असेल तर तो कॅम त्या पिस्टनवर चालवू नये. एक्झॉस्टला जास्त ठेवतात कारण तो तापून लांबतो, आणि वरच्या आरपीएमला स्प्रिंग कमी पडली तर पिस्टन त्याला मागून गाठतो. अंतर कमी भरलं म्हणून बेसखाली जाड पॅकिंग घालून वेळ मारून नेतात, पण त्याने कॉम्प्रेशन रेशो उतरतो आणि मूळ हेतूच बुडतो. पिस्टनचे खळगे मिलिंगवर खोल करून घेणं हा खरा उपाय. कुपवाड, मिरज किंवा साताऱ्याच्या एमआयडीसीत असं काम करणारे हात आहेत. फक्त पिस्टनच्या टाळूची जाडी आधी मोजून सांगा.

रॉकरचा कॅमवर घासणारा चेहरा नखाने चाचपून बघायचा. पायरी किंवा खड्डा लागला तर तो रॉकर बाद. नव्या कॅमवर झिजलेला रॉकर चढवला की लोबचं टोक काही तासांत खरवडलं जातं, मग लिफ्ट जाते, टॅपेट वाजतात आणि खापर कॅमवर फुटतं. जोडताना लोबवर आणि रॉकरच्या चेहऱ्यावर मॉलिब्डेनमचं ग्रीस, बेअरिंगवर ऑइल. पॅकिंगला सिलिकॉन फासायचा मोह आवरा. हेडकडे जाणारं ऑइल एका स्टडच्या भोकातून वर चढतं. सिलिकॉनचा ओघळ तिथे गेला तर कॅम कोरडा फिरतो.

खुणा परत जुळवताना चेनची न ढिलणारी बाजू ताणलेली हवी आणि ढील फक्त टेन्शनरच्या बाजूला यायला हवी. तीस-पस्तीस दातांच्या स्प्रॉकेटवर एक दात चुकला की क्रँकवर वीस-चोवीस अंशांचा फरक पडतो. गाडी चालू होईल, पण एक तर खाली मठ्ठ होईल किंवा कार्बोरेटरमधून शिंकेल. काटेकोर बघायचं तर ३६० अंशांची कागदी चकती प्लायवर चिकटवून फ्लायव्हीलवर लावायची आणि तारेचा काटा करायचा. प्लगच्या भोकात पिस्टन अडवणारा बोल्ट घालून इंजिन दोन्ही बाजूंनी हळूच अडेपर्यंत फिरवायचं. दोन आकड्यांचा मध्य म्हणजे खरा टीडीसी. फ्लायव्हीलवर कोरलेली खूण दोन-तीन अंश चुकीची निघाली तर नवल वाटू देऊ नका. मग बोल्ट काढून, इनटेकच्या पूर्ण लिफ्टचा मध्य टीडीसीनंतर साधारण १०५ ते ११० अंशांवर येतोय का, ते कॅमसोबतच्या कागदाशी ताडून बघायचं.

चार नट आडवे-तिडवे, आधी १० आणि मग २० न्यूटन-मीटर. बाजूचे छोटे बोल्ट सगळ्यात शेवटी, १० वर. टॉर्क पाना नसेल तर भाड्याने आणा, पण 'हाताच्या अंदाजाने' हे काम करू नका. या इंजिनांचे स्टड केसिंगच्या मऊ अ‍ॅल्युमिनियममध्ये बसवलेले असतात. नट घट्ट होता होता अचानक हलका लागला तर समजायचं की स्टड आट्यांसकट वर आलाय. मग हेलिकॉइलशिवाय, म्हणजे भोकात तारेचे नवे आटे बसवल्याशिवाय, गत्यंतर नाही. टॅपेट थंड इंजिनावर ०.१० मिमी दोन्हीकडे; कॅमसोबतच्या कागदावर वेगळं माप असेल तर ते. फिलर गेज ओढताना लोण्यातून सुरी जाते तसा सुळकन जाऊ नये, किंचित धरला पाहिजे. चेक नट आवळताना स्क्रूही थोडा फिरतो, म्हणून आवळून झाल्यावर पुन्हा गेज घालायचा. सेल्फ मारण्याआधी हाताने दोन फेऱ्या. कुठे कडक अडलं तर जोर लावायचा नाही. तिथे व्हॉल्व्ह पिस्टनला भेटलाय.

पहिल्यांदा चालू झाल्यावर गाडी आयडलवर ठेवू नये. मागची चाकं स्टँडवर उचलून घ्यायची आणि दहा-पंधरा मिनिटं दोन ते अडीच हजारांच्या दरम्यान वर-खाली करत ठेवायची, म्हणजे लोबवर भरपूर ऑइल येतं. पंख्याचं कव्हर आणि पत्रे लावलेलेच हवेत. ते नसताना हवा सिलेंडरवर न येता बाहेरच फेकली जाते. मग ऑइल काढून जाळी बघायची. बारीक चमकी थोडी असेल तर ठीक, टोचणारे कण असतील तर टॅपेट कव्हर परत उघडायचं.

कार्बोरेटर किती मोठा घ्यायचा? २४ वरून २६ मिमीवर गेलं तर तोंडाचं क्षेत्रफळ १७ टक्क्यांनी वाढतं, ३० वर गेलं तर ५६ टक्क्यांनी. मवाळ कॅमच्या दीडशे सीसीला ३० मिमी घातला की खालच्या आरपीएमला हवेचा वेग पडतो, जेटमधून पेट्रोल नीट ओढलं जात नाही आणि गाडी चढावर थ्रॉटल दिल्याबरोबर दचके खाते. आम्ही २६ मिमीचा व्हॅक्यूम स्लाइडवालाच पसंत करतो. २८ चा थेट केबलने स्लाइड उचलणारा वरच्या आरपीएमला जास्त देतो, पण एटीव्हीवर अंगठा एकदम दाबायची सवय असते. इंजिन मागत नसताना स्लाइड उचलली गेली की मिश्रण पातळ होऊन (हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडून) गाडी गचके देते. व्हॅक्यूमवाला इंजिनाने मागितल्याशिवाय स्लाइड उचलतच नाही.

मॅनिफोल्ड मूळचा २४ चा ठेवून पुढे २६ चा कार्बोरेटर लावला तर मध्ये पायरी तयार होते आणि मोठ्या तोंडाचा फायदा तिथेच अडतो. मॅनिफोल्डचं तोंड आणि हेडचं पोर्ट पॅकिंगच्या आखणीने जुळवून गोल कानशीने निमुळतं करायचं. आरशासारखं चकचकीत करायची गरज नाही. जोडल्यावर हवा चोरतेय का ते चालू इंजिनावर सांध्यावर कार्ब क्लीनरचा बारीक फवारा मारून बघायचं. आयडल बदललं की सांधा गळतोय. ही तपासणी झाल्याशिवाय जेटला हात लावायचा नाही, कारण गळक्या सांध्यावर लावलेला कुठलाही जेट खोटा ठरतो. फवारा गरम सायलेन्सरपासून लांब ठेवा.

जेटचा नंबर इंटरनेटवरून उचलला की घोटाळा होतो, आणि त्याला दोन स्थानिक कारणं आहेत. पहिलं, पेट्रोल. ऊस आपल्याच सातारा-सांगलीच्या रानातला, इथेनॉल आपल्याच कारखान्यांचं, आणि आता पंपावर मिळतं ते बहुतेक २० टक्के इथेनॉलचं. शुद्ध पेट्रोलला हवेचं प्रमाण १४.७ लागतं, या मिश्रणाला सुमारे १३.५. म्हणजे तेवढ्याच हवेला आठ-नऊ टक्के जास्त इंधन हवं. केहिन या कार्बोरेटर कंपनीच्या पद्धतीच्या जेटचा नंबर भोकाचा व्यास सांगतो, ११५ म्हणजे ढोबळमानाने १.१५ मिमी, आणि इंधन जातं क्षेत्रफळाच्या प्रमाणात. त्यामुळे आठ-नऊ टक्क्यांसाठी नंबर चारेक टक्क्यांनीच वाढतो: शुद्ध पेट्रोलवर ११० जिथे पुरला असता तिथे आता ११५ च्या आसपास. मिकुनीच्या षटकोनी जेटचे नंबर वेगळ्या मोजणीचे, त्यांची केहिनशी सरमिसळ करू नये.

दुसरं कारण उंची. सातारा समुद्रसपाटीपासून सुमारे ७०० मीटर, पाचगणी-महाबळेश्वर सुमारे १३००. एवढ्या चढाला हवा सहाएक टक्क्यांनी विरळ होते, पण कार्बोरेटरमध्ये मिश्रण घट्ट होतं (पेट्रोल जास्त पडतं) ते त्याच्या निम्म्याने, तीन टक्क्यांच्या आसपास. जेटच्या नंबरात तो दीड टक्काच भरतो, म्हणजे ११५ चा ११३. जेट मिळतात ११२ किंवा ११५. थोडक्यात, खाली जुळवलेली गाडी वर नेली म्हणून जेट बदलायची धावपळ करण्यात फारसा अर्थ नाही. गाडी कायम वरच राहणार असेल तर शेवटची जुळवणी वर, तिथल्याच हवेत करावी आणि दोन जेटांमध्ये शंका आली तर मोठा ठेवावा. विरळ हवेने गेलेले ते सहा टक्के कुठलाही जेट परत आणत नाही, हे मालकाला आधीच सांगितलेलं बरं.

जुळवणीचा क्रम खालून वर. ऑटो चोक पाच-सात मिनिटांत बंद व्हायला हवा. बॅटरीवर लावून त्याची दांडी लांबतेय का ते बघायचं. तो अडकला असेल तर गाडी कायम घट्ट चालते, प्लग काळा पडतो आणि लोक जेट लहान करत बसतात. इंजिन पूर्ण गरम झाल्यावर आयडल १६०० च्या आसपास. नव्या कॅमला ते जरा वर मागावंसं वाटतं, पण फार वर नेलं तर ऑटो क्लच अर्धवट धरतो आणि फॉरवर्डवरून रिव्हर्स टाकताना डबा करकरतो. मिश्रणाचा स्क्रू इंजिनाच्या बाजूला असेल तर तो पेट्रोलचा, बाहेर काढला की घट्ट. फिल्टरच्या बाजूला असेल तर हवेचा, बाहेर काढला की पातळ. सुरुवात दोन फेऱ्यांवर करून आयडल सगळ्यात वर जाईल तिथे थांबायचं. थ्रॉटल सोडल्यावर आरपीएम लटकून हळूहळू खाली येत असेल तर पातळ आहे, स्लो जेट एक पायरी मोठा. मधल्या पट्ट्यातला अडखळा सुईचा. या स्लाइडच्या सुईला बहुधा खाचा नसतात, तिच्या डोक्याखाली अर्ध्या मिमीचा वॉशर घालून ती उचलायची. पाऊण थ्रॉटलच्या वरचा भाग मेन जेटचा. पूर्ण थ्रॉटलला चढावर गाडी ओढत नसेल आणि अंगठा किंचित सोडल्यावर उलट जोर धरत असेल तर जेट लहान आहे. भसभस आवाज करत जड चालत असेल तर मोठा. पूर्ण थ्रॉटलवरच स्विच बंद करून प्लग काढून बघतात, ते बघावंच. फक्त इथेनॉलमुळे पोर्सिलेनचा रंग पूर्वीपेक्षा फिकट येतो, विटकरीची वाट बघत जेट वाढवत जाऊ नये. आमची गाडी ११५ मेन आणि ३८ स्लो जेटवर स्थिरावली. दुसऱ्या सायलेन्सरच्या, दुसऱ्या फिल्टरच्या गाडीला हेच चालतील असं नाही.

एवढं करूनही चढावर फरक जाणवला नाही तर गुन्हेगार व्हेरिएटर असतो. नव्या कॅमची ताकद आधीपेक्षा थोडी वर सरकते, पण जड रोलर बेल्टला लवकर वर चढवतात आणि इंजिन जुन्याच आरपीएमला दाबून ठेवतात. मूळ रोलर साधारण १२-१३ ग्रॅमचे, एकूण सहा. एकेक ग्रॅमने हलके करत जायचं आणि दरवेळी तोच चढ, तेवढंच वजन, पूर्ण थ्रॉटल. प्लगच्या वायरीला गुंडाळायचा स्वस्त आरपीएम मीटर यासाठी पुरतो. दोन माणसांवर साडेपाच हजारांच्या खाली जाणारी गाडी रोलर हलके केल्यावर पावणेसात हजारांच्या आसपास टिकून राहिली, तेव्हा कॅमचे पैसे वसूल झाल्यासारखं वाटलं. त्याहून हलके केले तर नुसता आवाज वाढतो. रोलरची एक बाजू चपटी झाली असेल, बेल्ट झिजून अरुंद झाला असेल तर आधी तो बदला. चाचणी खाजगी जागेतच. कासच्या पठाराकडे गाडी वळवायचा विचारसुद्धा नको. ते २०१२ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे आणि तिथल्या मातीच्या पातळ थरावर एका चाकाची रेघही पुढच्या मोसमाची फुलं खाते.

फिल्टरबाबत मात्र तडजोड नाही. शंकूसारखा उघडा फिल्टर कार्बोरेटरच्या तोंडावर छान दिसतो, पण महाबळेश्वरच्या बाजूची जांभ्याची लाल धूळ पिठासारखी असते आणि पुढच्या गाडीच्या मागून जाताना ती सरळ इंजिनात जाते. रिंगा एका हंगामात उडतात. मूळचा डबा ठेवावा, त्यात ऑइल लावलेला स्पंज घालावा, आणि हवा कमी पडते असं वाटलं तर डब्याचं तोंड वरच्या बाजूला मोठं करावं. धुळीच्या दिवसांत स्पंज रोज संध्याकाळी धुवायचा.

टॅपेट पाचेक तास चालल्यावर थंड इंजिनावर पुन्हा बघायचे. नवे रॉकर आणि कॅम एकमेकांत बसतात तेव्हा माप बदलतंच. वाढलं तर खडखड ऐकू येते, पण कमी झालेलं माप आवाज करत नाही आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जाळतं, म्हणून गाडी गप्प आहे यावर विसंबू नये. पावसाळ्यात वरच्या गाड्या महिनोन्महिने उभ्या राहतात. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं आणि ते पाणी फ्लोटच्या वाटीत तळाला बसून स्लो जेट हिरवा करून टाकतं. जूनमध्ये गाडी झाकण्याआधी पेट्रोलची नळी बंद करून वाटीचा ड्रेन स्क्रू उघडावा, टाकी शक्य तितकी रिकामी करावी, आणि फ्लोटच्या पिनचं रबरी टोक दिवाळीआधी एकदा तपासावं. मूळच्या स्वस्त कार्बोरेटरांत ते इथेनॉलने फुगतं आणि मग पेट्रोल ओव्हरफ्लोच्या नळीतून खाली गळत राहतं.